काजळाची डबी

"एक कोयता द्या," खिडकीशी वाकून म्हातारा म्हणाला.

तिकीटवाला दचकला. "कोयता? काका, लाँचवर हत्यार न्यायला बंदी आहे."

मागं उभे असलेले अर्जुनराव खो खो हसले. भाऊच्या धक्क्यावर घाटनांदूरच्या माणसाला आपल्या मुलखाची बोली कानावर पडावी! त्यांनी खिडकीत तोंड घातलं. "अहो, ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम नवऱ्याचं नाव घेतो, बायको त्यातच धरतो. द्या त्यांना दोन तिकिटं. अन् एक मला."

म्हातारा शहादेव बीडकडच्याच तलवाड्याचा निघाला. सोबत बायको, चंद्रभागाबाई. अर्जुनराव त्यांच्या शेजारीच बाकावर बसले. ते एका साहेबांचा सत्कार करायला मुंबईत आले होते. साहेब काही भेटले नाहीत. शाल आणि नारळ पिशवीत तसेच पडून होते. गावी परतण्याआधी निदान ही नामी जुनी लाँच तरी बघावी, म्हणून ते इकडं वळले होते.

'सागरलक्ष्मी' त्यांच्या आजोबांच्या जमान्यातली. सगळी सागवानी. सुकाणूवरचा माणूस अजूनही दोरी ओढून पितळी घंटा वाजवायचा आणि घंटेच्या इशाऱ्यावर लाँच चालायची, थांबायची. टण्ण झालं आणि धक्का मागं सरकू लागला.

"तुमी कावून आलात मुंबईला?" अर्जुनरावांनी विचारलं.

चंद्रभागाबाईनं नवऱ्याला कोपर मारलं. पण शहादेवाच्या पोटात काही राहीना. "आमचं लेकरू हाय या लाँचीवर. इतके दिस उस्तादाच्या हाताखाली होतं. आज पहिल्यांदा एकट्याच्या हवाली केलंय समदं. मालक पल्याड मोऱ्याच्या धक्क्यावर उभा हाय. लाँच आपल्या बळावर पल्याड गेली तर नोकरी कायम. न्हाई तर गाठोडं बांधायचं अन् आमच्यासंगं पुन्हा उसाच्या फडात."

"अवो, गप बसा की!" चंद्रभागाबाई कडाडली. "उतरंस्तोवर वाच्यता करायची न्हाई. नजर लागती."

अर्जुनरावांनी वर पाहिलं. सुकाणूवर एक तरणाबांड पोरगा उभा. डोक्यावर टोपी, कोरलेली मिशी. त्यांची छाती फुगली. आता ते थोडेच गप बसतात! उभ्या लाँचला त्यांनी सांगून टाकलं, "बगा बगा, आमच्या बीडचं पोरगं मुंबईचा दर्या कापतंय!"

सगळ्या माना वर झाल्या. समोरची मासळीवाली म्हणाली, "देखणा आहे हो तुमचा मुलगा."

शहादेवाला एकदम खोकला आला. चंद्रभागाबाईनं पदराआड तोंड लपवलं. "बगू द्या," ती पुटपुटली, "समद्यांना तिकडंच बगू द्या."

ती स्वतः मात्र वर बघेना. देवळात काढाव्यात तशा चपला काढून तिनं तळपाय फळ्यांवर टेकले होते आणि नजर तिथंच लावली होती. मुठीत काजळाची डबी.

"वैनी, पाण्याला भिता काय? जरा वर बगा की लेकराकडं!"

"आईचीच नजर आधी लागती, भाऊ. उतरलं की तीट लावीन, मग बगंन डोळे भरून."

बंदराच्या ऐन मध्यावर धडधड मंदावली. एक आचका बसला आणि लाँच थांबली ती थांबलीच. मोठं जहाज शेजारून गेलं तशी ती आडवी होऊन हेलकावू लागली. बायांनी आरडाओरडा केला.

"कुणाच्या हातात दिलीय रे लाँच?" एकजण ओरडला.

"ए, तोंड सांभाळून बोल बे!" अर्जुनराव त्याच्या अंगावर धावले. एक नवी लाँच त्यांना ओढून न्यायला निघाली होती, तिच्यावरचा खलाशी दोराचं वेटोळं घेऊन उभा होता. तो दोर एकदा बांधला की पोराचं नशीबही बांधलं गेलं. वर पोरगा घंटेची दोरी ओढत होता. टण्ण, टण्ण. शहादेव डोळे मिटून हात जोडून बसला.

चंद्रभागाबाई तेवढी डगमगली नाही. खाली वाकून तिनं फळीवर तळहात ठेवला, बिथरल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. "निवांत," ती हलकेच म्हणाली. "घाई न्हाई करायची, बाळा. फडात ट्रॅक्टर बंद पडला तवा काय केलतं? तसंच."

खालून ठण ठण आवाज आले. काळा धूर भसकन उठला. मग धड... धड... धडधडधड!

"नको दोर! जा माघारी!" अर्जुनरावांनी पिशवीतली शाल काढून त्या लाँचकडं फडफडवली. टाळ्या पडल्या. शिट्ट्या वाजल्या. मासळीवालीनं सुकाणूकडं बघून कानशिलावर बोटं मोडली.

मोऱ्याच्या धक्क्यावर मालकानं हात उंच केला. "कायम!" तो ओरडला. शहादेव लहान पोरासारखा रडू लागला.

अर्जुनराव तडक सुकाणूपाशी चढले. "साहेब गेला खड्ड्यात. या शालीचा मान तुझाच, मर्दा!" त्यांनी शाल पोराच्या खांद्यावर टाकली.

पोरगा लाजला. शाल काढून त्यानं परत त्यांच्या हातात दिली. "काका, मला कशाला? मी इथलाच, मोऱ्याचा. मी नुसती घंटा वाजवतो. तुमचं बीड खाली आहे, इंजिनापाशी."

अर्जुनरावांनी वळून खाली पाहिलं. चंद्रभागाबाईच्या पायाशी फळीचं झाकण उघडलं होतं आणि तेलानं माखलेले दोन हात वर येत होते.

चंद्रभागाबाईनं काजळाची डबी उघडली, क्षणभर बघितलं आणि हसत परत मिटली. काजळीनं मनीषाचं तोंड इतकं काळं झालं होतं की लेकीला तीट लावायला जागाच उरली नव्हती.