चिठ्ठीवरचं नाव

शरणपूर रोडवरच्या एका चर्चमध्ये रविवारी प्रार्थनेसाठी चिठ्ठ्या येत. नाव स्पष्ट लिहावं, असा पाळक आढावांचा नियम होता. कारण मागे एकदा सगळ्या मंडळीनं भलत्याच सुशीलेच्या बाळंतपणासाठी प्रार्थना केली होती.

मार्थाबाईंच्या मुलाला, आमोसला, नाशिक रोडला कुणीतरी भोसकून मारलं. भांडण दुसऱ्याच दोघांचं होतं, हा नुसता चहा पीत उभा होता. चौथ्या रविवारी बाईंची चिठ्ठी आली: 'आमोसला मारणाऱ्यासाठी.'

"मार्थाबाई, नाव?"

"पोलिसांना सापडेना, मला कुठून ठाऊक? देवाला ठाऊक असेल ना, पाळकसाहेब?"

आढावांनी चिठ्ठी तशीच वाचली. आठ महिने मंडळीनं बिननावाची प्रार्थना केली. बाईंची क्षमा हा आढावांच्या उपदेशातला ठरलेला दाखला झाला. परगावच्या दोन पाळकांनीही तो मागून नेला.

मग माणूस पकडला गेला. नाव, गाव, फोटो, सगळं पेपरात आलं. त्या रविवारी आढावांनी बाईंची चिठ्ठी मोठ्या हौसेनं उघडली. नाव अगदी स्पष्ट होतं: मार्था यशवंत गायकवाड.

"हे तर तुमचंच!"

"त्याचं नाव कळल्यापासून जीभ वळत नाही, पाळकसाहेब. ती परत वळावी, एवढं मागा माझ्यासाठी."