ओव्यांची किल्ली

“दळण सरलं बाई, पीठ भरलं सुपात,
धन्याचं गं नाव माझ्या काळजात.”

लहानपणी जात्याशी ऐकलेल्या आईच्या अशा दोनशे ओव्या भिवराबाईनं स्वतः गाऊन मोबाईलवरच्या आपल्या खात्यात जपून ठेवल्या होत्या. उद्या बीडच्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन होतं, आणि मोबाईल राहिला होता नेकनूरला, सुनेजवळ. तिनं नवऱ्याच्या फोनवरून सुनेला सांगितलं, “सुनिता, माझं काई बरंवाईट झालं तर ते खातं तू सांभाळ. आईच्या ओव्या मरू देऊ नको.”

“असं नका बोलू, आत्या. पण पासवर्ड तर सांगा!”

खाटेशी बसलेल्या नवऱ्याकडं भिवराबाईनं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

“आता कावून थांबली?” तो म्हणाला. “चाळीस वर्सं ऊसतोडीला दोघांचा मिळून एकच कोयता व्हता आपला, अन् माझ्यापासून लपवती व्हय? बरं, मी जातो भाईर.”

तो खरंच उठला. तिनं त्याची बाही घट्ट धरली, डोळे मिटले, आणि लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदाच ते नाव तोंडानं घेतलं,

“आसाराम.”