विश्वजितचं बेअरिंग

केरबानं लोखंडी गजाचं एक टोक बेअरिंगच्या झाकणावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि श्वास रोखून ऐकलं. काहीच नाही. ना घरघर, ना कुरकुर. त्यानं गज खाली आपटला. बेअरिंग विश्वजितनं बसवलेलं होतं आणि त्यात खोट काढायला तसूभरही जागा नव्हती.

गगनबावडा रस्त्याच्या त्या खाणीवर केरबा बावीस वर्षं क्रशर चालवत होता. डंपरनं ओतलेला दगड वरून जबड्यात जायचा आणि खाली खडी होऊन पडायचा. कुठं काय बिघडलंय ते केरबा गज कानाला लावून सांगायचा आणि मशीन उघडल्यावर तेच निघायचं. मालक विजयसिंह आल्यागेल्याला मुद्दाम वर घेऊन यायचे. "ह्यो आमचा डॉक्टर," म्हणायचे. ते ऐकलं की केरबाची छाती दोन इंच फुगायची.

गेल्या वर्षी वारणानगरला शिकलेला विश्वजित आला. काम धुळीतलं आणि केसांना जेल. हातात गज नाही, मोबाईल. त्यानं शाहूपुरीच्या बाजारातून नवी बेअरिंग आणली, बेल्ट बदलले, ग्रीस कधी द्यायचं त्याचा तक्ता केबिनच्या दाराला चिकटवला. आणि वर्षभरात मशीनची चालच बदलली. पूर्वी हाडं खिळखिळी करणारं ते धूड आता गाय रवंथ करते तसं मऊ चालायला लागलं. आपल्या हाताखाली जन्मभर किंचाळलं आणि या कालच्या पोराच्या हाताला गप्प झालं! आपल्याला कायम टाकून बोलणारी बायको परक्याशी गोड बोलावी, तसं केरबाला झालं. तो आतून जळत होता, आणि हे त्याचं त्यालाही कळत होतं.

माणसंही फिरली. क्रशरवर बोलणं हातांनीच चालतं. मूठ दाखवली की बंद, पंजा हलवला की ओत. त्यामुळं कामात अडत नव्हतं. पण चहाच्या वेळी विश्वजितभोवती घोळका जमे. सगळे तोंडातल्या तोंडात कुजबुजत, मधेच केरबाकडं बघत आणि हसत. चाळणीवरच्या चिमणाबाईचा आवाज एकेकाळी पलीकडच्या डोंगरापर्यंत जायचा. तीसुद्धा या पोरापुढं हळू बोलायला लागली होती. चार बुकं शिकलेल्याचा धाक, दुसरं काय, असं केरबा मनाशी म्हणे.

घरी बाळाबाई हातानंच जेवायला खुणावायची. क्रशरवाल्याची बायको, तिलाही ती सवय लागलेली. ताटावर बसून केरबा विश्वजितचा उद्धार करायचा आणि ती नुसती त्याच्या तोंडाकडं बघत राहायची. तीही त्या पोराच्या बाजूची झाली की काय, अशी शंका त्याला येऊन गेली.

सोमवारी मालकांनी त्याला गाडीत बोलावून घेतलं. काच वर केली, खांद्यावर हात टाकला आणि तोंड अगदी कानापाशी आणून म्हणाले, "केरबा, एक तारखेपास्नं तुम्ही वजनकाट्यावर बसा. सावलीत. क्रशर विश्वजित बघंल."

"माजं काय चुकलं, मालक?"

"चुकलं काय न्हाय. लई वर्सं काढलासा हितं. त्यो पोरगाच म्हणाला, केरबाअण्णास्नी आता वर ठिवू नका."

म्हणजे खुर्ची ओढणारा तोच होता. केरबा मान हलवून गाडीतून उतरला. काट्यावर बसून गाड्या मोजायच्या, आणि डोळ्यांसमोर त्या पोरानं आपलं मशीन चालवायचं. त्यापेक्षा खाणीत उडी टाकलेली बरी.

बुधवारी कुणी यायच्या आत तो पाना घेऊन जबड्यावर चढला. दगड चिरडणारी प्लेट पाचर ठोकून, नटांनी आवळलेली असते. त्यातले दोन नट त्यानं चार-चार आटे सैल केले. यात वाईट काही नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं. मशीन सुरू झालं की प्लेट खडखडणार. पोरगं मोबाईल चाळत बसणार. मग आपण गज लावायचा, मालकांदेखत नटावर बोट ठेवायचं आणि मिनिटाच्या आत मशीन बंद करायचं. मिनिटात बंद केलं तर प्लेटला काही होत नाही.

नऊ वाजता मालकांची गाडी आली. केरबानं केबिनमध्ये बसून बटण दाबलं. भलंमोठं चाक फिरायला लागलं. पहिला डंपर रिकामा झाला आणि केरबा कान देऊन थांबला.

प्लेट वाजेना. मशीन आपलं तसंच, मऊ.

त्यानं अजून थोडी वाट पाहिली. मग त्याच्या लक्षात आलं. पोरगं आपल्या मागोमाग चढलं असणार आणि नट पुन्हा आवळून मोकळं झालं असणार. अपमानानं केरबाचे डोळे भरून आले. त्यानं पंजा हलवून दुसरा डंपर ओतायला लावला. केबिनची फरशी पायाखाली थडथडत होती, त्याचीही त्यानं पर्वा केली नाही.

तेवढ्यात त्याची नजर खाली गेली. चिमणाबाई पाटी टाकून, दोन्ही कान दाबून पळत होती. डंपरवाला कान झाकून गाडीआड बसला होता. मालक तळहात कानांवर घट्ट धरून उभे होते. विश्वजित दोन-दोन पायऱ्या चढत केबिनच्या दारात आला. त्याच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, तोंड वासलेलं होतं आणि थुंकी केरबाच्या गालावर उडत होती.

केरबानं गाल पुसला.

"पुटपुटतोस काय?" तो म्हणाला. "जरा मोठ्यानं बोल की."