गच्चीवरचे कपडे

“किल्ली दे,” आई म्हणाली. “गच्चीवरचे कपडे काढायचे राहिलेत.”

लेकीने किल्ली खिशात टाकली. परवाच आई गच्चीच्या जिन्यावरून घसरली होती. पुन्हा पडली तर उठणार नाही, असं डॉक्टरांनी दोघींच्या तोंडावर सांगितलं होतं.

“आजपासून गच्ची बंद. कपडे खिडकीत वाळतील.”

“एवढी शिकलीस, ती आईला कोंडायला?”

लेक हसली नाही. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण आजच पाठवायचं होतं. विषय होता जुन्या अमेरिकन कादंबऱ्यांतली बंदरं. तिथली जहाजं देवमाशांच्या शिकारीला जायची, वर्षावर्षांनी यायची, कधी यायचीच नाहीत. गावातल्या घरांच्या छपरांवर कठडा घातलेला छोटासा सज्जा असे. कादंबऱ्यांत खलाशांच्या आया-बायका तिथे उभ्या राहत. डोळ्यांत पाणी, पाण्यात डोळे.

लेकीने ते सगळं खोडून काढलं होतं. सज्जा धुराड्यासाठी बांधत. धुराडं पेटलं तर वरून वाळू ओतायला. त्या बायकांच्या रोजनिशा तिने पानन्‌पान वाचल्या होत्या. ‘धुराडं बघायला वर गेले,’ एवढंच त्यांत होतं. संध्याकाळमागून संध्याकाळ, तेवढंच.

फोनवर मार्गदर्शक बाई म्हणाल्या, “वाट बघितल्याचा पुरावा नाही ना? मग ठामपणे लिही. हळवी होऊ नकोस.”

बाईंना धाकट्या भावाचं माहीत होतं. तो इथल्याच बंदरातून निघालेल्या मालवाहू जहाजावर होता. जहाज बुडाल्याला वर्षं लोटली, एकही देह हाती लागला नाही. आई तेव्हा रडली नव्हती. घरात त्याचं नाव निघत नसे. आई सावरली, असंच लेक धरून चालली होती.

तिने लिहिलं: या सज्ज्यांवर कोणीही वाट पाहत नव्हतं.

आई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिली होती. “अंधार पडेल गं. कपडे गारठतील.”

“बस तू. मी आणते.”

गच्चीवर जाऊन लेकीला कितीतरी दिवस झाले होते. संध्याकाळी आई वर जायची, खाली यायची. येताना तिच्या हातात काय असतं, हे कामातून मान वर करून लेकीने कधी पाहिलं नव्हतं.

तिने दार उघडलं.

दोरी नव्हती. भिंतीत दोन गंजके हूक तेवढे होते. बंदराकडच्या कोपऱ्यात एक बादली पालथी घातलेली. तिच्यासमोर कठड्याचा चुना दोन जागी झिजून गुळगुळीत झालेला. लेक बादलीवर बसली. तिची कोपरं त्या दोन खळग्यांत अलगद टेकली. समोर नुसतं पाणी. ना दार, ना उंबरठा.

ती खाली आली. आईने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

“ओलेच आहेत अजून,” लेक म्हणाली, आणि किल्ली आईच्या मुठीत ठेवली.