सावकारांचा माणूस

"गेला! ओनोदेरासुद्धा गेला!" नंदकिशोरने रिमोट सोफ्यावर आपटला.

टीव्हीवर ओनोदेरा नव्या टीमची टोपी घालून फोटोसाठी हसत उभा होता. कालपर्यंत तो मोरिसाकीच्या बेसबॉल टीमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा होता. मोरिसाकी हे जपानच्या उत्तरेकडचं लहानसं शहर. भूकंप आणि त्सुनामीनंतरच्या वर्षी कंपनीने नंदकिशोरला मुंबईहून आधी तिथेच पाठवलं होतं. दिवसभर चिखल उपसणारी माणसं संध्याकाळी स्टेडियमवर येऊन आपल्या गरीब टीमसाठी घसा फोडत. नंदकिशोरही त्यांच्यात जाऊन बसला, तो कायमचाच. पुढे बदली होऊन बिऱ्हाड तोक्योजवळच्या इचिकावाला आलं, पण जीव तिकडेच अडकला.

ओनोदेराला नेणाऱ्या तोक्योच्या त्या श्रीमंत टीमचं नाव नंदकिशोर घेत नसे. 'सावकार' म्हणायचा. मोरिसाकीने पोरं घडवायची आणि सावकारांनी थैली मोकळी करून उचलून न्यायची, हे दर हिवाळ्याचं. आयत्या बिळावरचे नागोबा सगळे! त्याला खरोखरच संताप यायचा, जेवण जायचं नाही.

"अहो, बीपी वाढेल," सुप्रभा स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि तो टीव्ही बंद करा आता, ते येतील इतक्यात."

ते म्हणजे किताजिमा-सान, एका खासगी हायस्कूलच्या मुलींच्या बेसबॉल टीमचे कोच. पैशात लोळणारी शाळा. स्वतःचं मैदान, स्वतःची बस आणि आसपासच्या क्लबांमधून वेचून नेलेल्या मुली. नंदकिशोरची जुई इथल्या साध्या क्लबची पिचर. त्यांचं मैदान नदीकाठचं, नेट फाटलं की पालकांनीच शिवायचं. मार्चमध्ये जुईची नववीपर्यंतची शाळा संपून हायस्कूल सुरू होणार होतं आणि कोचनी घरी भेटायला येण्याची परवानगी मागितली होती. कशाला, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

"बाबा, प्लीज नीट बोला हं त्यांच्याशी," जुई म्हणाली. "इथल्या दुसऱ्या हायस्कूल्सना मुलींची टीमच नाहीये. हे झालं नाही, तर माझं बेसबॉल संपलं."

"आणि हारुकाचं काय? तिचा विचार केलास?"

हारुका क्लबची कॅचर. पहिलीपासून ती जुईचे बॉल झेलत होती.

"तिला विचारलं मी. नुसती हसली. म्हणाली, दाइजोबु, सगळं नीट होईल."

"हसेल नाही तर काय करेल बिचारी! तुला उचलून नेणार आणि ती बसणार मागे. ओनोदेराने हेच केलं."

तेवढ्यात बेल वाजली.

किताजिमा-सान दारातच कमरेत वाकले. बूट काढून त्यांची टोकं दाराकडे वळवून ठेवली, मिठाईचा खोका दोन्ही हातांनी सुप्रभाला दिला आणि सोफा सोडून गालिच्यावर गुडघे मिटून बसले. त्यांना इंग्लिश येत नव्हतं. नंदकिशोरचं जपानी स्टेशन आणि दुकानापुरतं. तेव्हा मध्ये जुई.

"ते म्हणतायत, मी खूप मेहनती आहे. माझी आणि हारुकाची जोडी बघायला फार छान वाटते."

किताजिमा-सान थांबले. चहाच्या कपाकडे बघत राहिले. मग हळू आवाजात आणखी काही बोलले.

"ते म्हणतायत, शाळेची प्रॅक्टिस कडक असते. रोज पहाटे उठावं लागेल, अभ्यासाला वेळ कमी मिळेल. त्यामुळे घरच्यांच्या मनात काय आहे ते आधी ऐकावं, म्हणून आले."

गोड बोलून गळा कापायची रीत, नंदकिशोरच्या मनात आलं. टीव्हीवरचं ओनोदेराचं हसू डोळ्यांसमोरून जात नव्हतं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मनात काय आहे? सांग त्यांना. पेरायचं आम्ही आणि कापायचं तुम्ही? उन्हातान्हात या पोरींना त्या क्लबने शिकवलं. तेव्हा कुठे होती तुमची बस? पैसा आहे म्हणून कुणाच्याही ताटातलं उचलाल? माझी मुलगी विकाऊ नाही, सांग!"

"बाबा..."

"सांग!"

"अहो, तिचं तरी ऐका," सुप्रभा म्हणाली. नंदकिशोरने तिच्याकडे पाहिलंही नाही.

जुईने सांगितलं. थोडक्यात, खाली बघून, मध्येच नाक ओढत. किताजिमा-सान शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"हा घरच्यांचा पक्का निर्णय समजायचा का, विचारतायत."

या वेळी नंदकिशोरने जुईची वाट पाहिली नाही. दोन्ही हातांची फुली छातीसमोर धरली आणि त्याला येत होतं ते जपानी ठणकावून सांगितलं.

"दामे! नाही म्हणजे नाही!"

किताजिमा-सानांनी डोळे मिटले. मोठा श्वास सोडला. मग दोन्ही तळवे गालिच्यावर टेकून ते इतके खाली वाकले, की कपाळ जमिनीला लागलं. सावकारांचा माणूस आपल्यापुढे वाकलेला नंदकिशोर पहिल्यांदाच पाहत होता. त्याला फार बरं वाटलं. मोरिसाकीत असता, तर उठून ओरडला असता.

वाकलेल्या अवस्थेतच कोच बराच वेळ काहीतरी बोलले. जुईचा चेहरा उतरत गेला.

"काय म्हणतोय?" नंदकिशोरने विचारलं. "माफी मागतोय ना?"

जुईने नकारार्थी मान हलवली.

"अगं, सांग ना!"

"थँक यू म्हणतायत, बाबा," जुई म्हणाली. "त्यांना हारुका हवी होती. मी नको होते. पण हारुका अडून बसली होती, जुईला घेतलं नाहीत तर मीपण येणार नाही. आता तिला सांगता येईल म्हणाले, की जुईच्या घरच्यांनीच नाही म्हटलं."