बारा मिनिटं आणि रिकामं मैदान

"एक तरी गुण मिळवा, नाहीतर उद्यापासून संघ बंद!" ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजच्या प्राचार्यांनी सकाळीच बजावलं होतं. १८९३ सालच्या अमेरिकन फुटबॉल हंगामातला हा शेवटचा सामना. आधीचे सहाही सामने पोरं हरली होती, आणि चेंडू छातीशी धरून समोरच्या रेषेपलीकडे पोहोचणं एकालाही जमलं नव्हतं.

आजही तेच चाललं होतं. बारा मिनिटं उरली असताना पाहुण्यांच्या कप्तानाने घड्याळ पाहिलं. "अरे, गाडी चुकेल!" तो ओरडला, आणि त्याच्यासकट अकराही खेळाडू स्टेशनाकडे धावत सुटले.

"सामना संपलेला नाही," पंच शांतपणे म्हणाले. "खेळा."

कॉलेजच्या कप्तानाने, ॲल्विनने, चेंडू सगळ्यांत चपळ ओटिसकडे दिला. ओटिस चार पावलं धावला आणि धाडकन आडवा झाला.

"तुला पाडलं कुणी?" ॲल्विनने विचारलं.

"कुणीच नाही. पण एरवी इथेच पाडतात."

दुसऱ्यांदाही तेच झालं. शेवटी दहा जणांनी ओटिसला चेंडूसकट उचललं आणि खांद्यावरून रेषेपलीकडे नेऊन ठेवलं. पंचांनी गुण दिले. प्राचार्यांनी आधी नाइलाजाने टाळ्या वाजवल्या, मग उभं राहून वाजवल्या.

ओटिस मात्र चेंडूला मिठी मारून गवतातच बसून राहिला.

"चल, संघ वाचला आपला," ॲल्विन म्हणाला.

"थोडं बसू दे रे. चेंडू घेऊन इथे मी पहिल्यांदाच आलोय."