पॅव्हेलियनमागची भिंत

निशांत नव्याण्णववर होता. आणखी एक धाव झाली की पन्नासावं शतक. या मैदानावर इतकी शतकं आजवर कुणाचीच नव्हती. आणि नेमक्या तेव्हाच त्याची आई, हेमलताबाई, पर्स घेऊन उठल्या.

"आई, आत्ता कुठे निघालात?" सून म्हणाली. "असा दिवस पुन्हा यायचा नाही."

"म्हणूनच जाते," असं म्हणून त्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर आपणच टाकलेला रुमाल उचलला.

ती त्यांच्या यजमानांची, अच्युतरावांची खुर्ची. मुलगा नव्वदीत आला की ते तिथं रुमाल टाकायचे आणि पॅव्हेलियनच्या मागे जाऊन भिंतीला हात टेकवून उभे राहायचे. आपण पाहिलं की तो बाद होतो, अशी त्यांची पक्की समजूत. त्यापायी त्यांनी लेकाचं एकही शतक पाहिलं नाही. हेमलताबाई जन्मभर त्यांना हसल्या. मार्चमध्ये अच्युतराव गेले, आणि तेव्हापासून निशांत दर वेळी नव्वदीतच बाद होत होता.

पॅव्हेलियनच्या मागे कुणी नव्हतं. भिंतीवर एका जागी तळहाताएवढा रंग उडाला होता. हेमलताबाईंनी तिथं हात टेकवला. पलीकडे मैदान एकदम चिडीचूप झालं.

भिंत दिवसभर सावलीत होती, गारठलेली. तेवढी जागा मात्र उबदार होती, कुणी आत्ताच हात काढून घ्यावा तशी.

त्यांनी आपला हात हळूच उचलला. त्या जराशा बाजूला सरकल्या, आणि पलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला.